ठाकुरदालानावरची माती

शिवकन्या कुठल्याही खोलीत शिरली की आधी दार बघायची आणि मग माणसं. लग्न होऊन मुखेडला आली तेव्हा उंबऱ्यावरचं माप ओलांडल्या ओलांडल्या तिनं घराचं मागचं दार कुठं आहे ते विचारलं होतं, आणि सासूबाई मनातून धसकल्या होत्या, की ही पहिल्याच दिवशी पळून जाते का काय! पुढे सगळ्यांना सवय झाली. किल्लारीकडची पोर, भूकंपातून वाचलेली, एवढं सांगितलं की आमच्या भागात कुणी जास्त खोदून विचारत नाही.

आता अशा बाईला नोकरी लागावी ती कसली? तर पाहुण्यांना शंभर वर्षांच्या एका छताखाली उभं करायचं, माना वर करायला लावायच्या आणि ते छत किती देखणं आहे हे सांगायचं. दैवाला चेष्टेची हौस असते म्हणतात, ते काही खोटं नाही.

मुखेडहून नायगावच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक फाटा फुटतो. त्या फाट्यावर आत बाबूंची कोठी आहे. निजामाच्या अमदानीत तलावाच्या कामावर हेमेंद्रनाथ मित्र नावाचे बंगाली इंजिनियर इकडे आले. काम संपलं तरी गेले नाहीत. त्यांच्या बायकोचं मन मात्र इथं काही केल्या रमेना. दुर्गापूजेचे दिवस आले की ती बाई जेवणखाण सोडून बसायची. शेवटी बाबूंनी तिच्यासाठी कलकत्त्याकडची हवेलीच इथं उभी करायची ठरवली. सगळा मुलूख काळ्या दगडाचा, आणि या माणसानं विटा भाजायला भट्टी लावली. गावानं त्याला वेड्यात काढलं. पण कोठी उभी राहिली तेव्हा तेच गाव बैलगाड्या जुंपून बघायला आलं.

मधोमध चौकोनी अंगण. अंगणाच्या उत्तरेला पाच कमानींचं ठाकुरदालान, म्हणजे देवी बसवायचं उघडं, ओसरीसारखं दालन. मागच्या बाजूला बायकांचा अंदरमहल, त्याचा जिना वेगळा. खिडक्यांना हिरव्या लाकडी पट्ट्यांच्या खडखड्या. आतल्या बाईला बाहेरचं सगळं दिसावं, बाहेरच्याला आतलं काही दिसू नये. जमीन लालभडक आणि इतकी गुळगुळीत की पोरं मोजे घालून घसरगुंडी खेळायची. आणि छत कडी-बरग्याचं. किनवटच्या जंगलातल्या सागाच्या जाड तुळया, त्यांना कड्या म्हणायचं. त्यांच्यावर आडव्या बारीक पट्ट्या, ते बरगे. त्यांच्यावर विटा, आणि विटांवर चुना-विटकरीचा कोबा, बायकांनी गाणी म्हणत धोपटून धोपटून बसवलेला.

हे सगळं शिवकन्या फार सुरेख सांगायची. फक्त ठाकुरदालानात आली की तिची गाडी जरा जोरात सुटायची. पाहुण्यांना कमानीखाली घ्यायची, तीन वाक्यांत छत उरकायची आणि "चला, आता अंगणातून कमानी बघू" म्हणत सगळ्यांना बाहेर काढायची. तिची ही घाई कोणाच्या ध्यानात येत नसे. निदान तिला तसं वाटायचं.

कोठी पाहुण्यांसाठी उघडून वर्ष होत आलं होतं. बाबूंचं कुटुंब पोलीस ॲक्शननंतर कलकत्त्याला परत गेलं, तेव्हापासून किल्ली शेषेरावांच्या घराकडे होती. आधी त्यांच्या वडलांकडे, मग शेषेरावांकडे. सत्तरीचा, काटक, कमी बोलणारा माणूस. मागच्या दोन खोल्यांत राहायचे आणि कोठीला स्वतःच्या लेकरासारखं जपायचे. शिवकन्याचा नवरा गेला तेव्हा तिला हे काम लावून दिलं तेही त्यांनीच. ती त्यांना मामा म्हणायची.

या नवरात्रात मोठा बेत होता. कितीतरी वर्षांनी दालनात दुर्गा बसणार होती. बाबूंची पणती श्यामली कलकत्त्याहून येणार होती. कोठी सांभाळणाऱ्या मंडळाचे सचिव दयानंद सर, नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे, गेले दोन महिने जेवायचंसुद्धा विसरले होते. आणि त्या दिवशी शेषेरावांचा जाहीर सत्कार होता. इतकी वर्षं ज्यांनी छत गळू दिलं नाही, त्यांचा.

आणि नेमकं गणपती उठल्यापासून शिवकन्याला दालनाच्या लाल जमिनीवर सकाळी सकाळी पांढुरकी भुकटी दिसायला लागली.

पहिल्या दिवशी तिनं झाडून टाकली. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी मात्र तिनं चिमूट उचलून बोटांत चोळली. चुना असा नसतो. चुना बोटाला खरखरतो. ही मऊ होती, पिठासारखी, आणि तिला गावाकडच्या घराचा वास होता.

"सर, छतातून माती पडून राहिली," तिनं दयानंद सरांना सांगितलं.

सर मांडववाल्याशी फोनवर बोलत होते. फोनवर हात ठेवून म्हणाले, "जुनं घर आहे, ताई. चुना सुटणारच. इंजिनियर येऊन बघून गेले की."

"वर चढून बघितलं का त्यांनी?"

"वर जायचं दारच उघडत नाही, वर्षानुवर्षं जाम आहे. खालून बघितलं, कड्या ठोकून बघितल्या. ठणठणीत आहेत." मग जरा हसून म्हणाले, "ताई, तुमचं दुखणं मला कळतं. पण श्यामलीदीदींसमोर तेवढं खाणीसारखं करू नका."

खाणीची गोष्ट अशी. उन्हाळ्यात एका रविवारी जवळच्या खडीच्या खाणीत सुरुंग उडाला, जमीन जराशी हलली, आणि शिवकन्यानं "पळा, पळा" म्हणून किंचाळत अख्ख्या शाळेच्या सहलीला फाटकाबाहेर हाकललं. दोन पोरींचे गुडघे फुटले. त्या दिवसापासून मंडळातली माणसं तिला पाठीमागे भूकंपताई म्हणायची. लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, तिलाही होतं. म्हणून ती गप्प बसली. पण गप्प बसलेली बाई आतून गप्प नसते. हे आपलं भ्याव बोलतंय का खरंच छत बोलतंय, याचा तिला उलगडा होईना. दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं हे बरोबर, पण समोर खरंच दूध असेल तर?

त्यात परतीचा पाऊस लागला. तीन दिवस झड. चौथ्या दिवशी उघडलं, आणि कार्यक्रम पाचव्या दिवशी. झडीनंतर माती पडायची थांबली. सरांना वाटलं बरं झालं. शिवकन्याला त्यानं जास्तच भीती वाटली. भिजलेली माती गळत नाही, बसते.

आदल्या दिवशी दुपारी ती शेषेरावांकडे गेली. ते सत्काराला घालायचं धोतर दोरीवर वाळत घालत होते.

"मामा, एक विचारू? दालनाचं छत गळू नये म्हणून तुम्ही काय करत होता?"

म्हाताऱ्याचा चेहरा खुलला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याला कोणी विचारलाच नव्हता. "काय करणार? आपुन आपल्या घराला करतो तेच. बाबू लोक गेल्यावर पयल्याच पावसाळ्यात कोबा तडकला आन दालन गळाया लागलं. माझ्या बापानं गढीची पांढरी माती आनली, मिरगाच्या आदी वर टाकली, चोपून बसवली. थेंब न्हाई आला! तवापासून दर साली. बाप व्हता तवर बाप, मंग मी आन तुझी मामी. मागच्या चिंचेला शिडी लावायची आन पाट्या वर द्यायच्या. मामी गेली तरी म्या खाडा पडू दिला न्हाई."

"जुनी माती काढून नवी टाकायचा ना?"

"जुनी कामून काढायची? लई घट्ट बसलेली असती ती. तिच्यावरच टाकायची."

शिवकन्या तिथंच पायरीवर बसली. इकडच्या माळवदांवर, घरांच्या सपाट धाब्यांवर, अशीच माती पडत आली आहे, वर्षावर वर्ष, थरावर थर. ओल अडावी, ऊन अडावं, लेकरं निवांत झोपावीत म्हणून. त्या मातीनंच किल्लारीकडची घरं बसली. शिवकन्याच्या बापानंही त्या साली टाकली होती. धाकट्याच्या पाळण्यावर पाणी ठिबकत होतं म्हणून जास्तीच्या चार पाट्या टाकल्या होत्या. त्या पहाटे ती अंगणात मावशीच्या बाजेवर झोपली होती, म्हणून वाचली. आई गेली, धाकटा गेला, बापही गेला. आईसाठी ती आयुष्यभर रडली, पाळण्यातल्या भावासाठी रडली. बापासाठी तिच्या डोळ्यांत कधी पाणी आलं नाही. माती त्यानं टाकली होती, एवढंच तिला आठवायचं.

"मामा," ती कशीबशी म्हणाली, "बाबूंच्या कड्या त्या वजनाच्या न्हाईत. हे माळवद न्हाई. उद्या खाली तीनशे माणूस बसंल. वर सगळी माती भिजलेली हाय. तुमी सरांना सांगा. माझं कोनी ऐकत न्हाई, तुमचं ऐकतील."

शेषेरावांचा चेहरा हळूहळू बदलला. "काय सांगू? का म्या घर राखलं न्हाई, पाडून राहिलो म्हनून सांगू?"

"तसं न्हाई मामा..."

"मंग कसं? उद्या शाल घालून राहिले मला त्याच्यासाठी. आन तू म्हनतीस म्याच..." धोतर तसंच पिळलेलं हातात धरून ते आत गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं. शिवकन्यानं किती वेळ कडी वाजवली. दार उघडलं नाही.

मग ती पुन्हा सरांकडे गेली. या वेळी सगळं सांगितलं, मातीचं, पाट्यांचं, शिडीचं. सरांचा चेहरा पडला खरा. चिंचेपर्यंत गेलेही, वर बघितलं. चिंचेच्या फांद्यांआड गवत वाढलेली कड दिसत होती, बाकी काही नाही. "थोडीफार माती असेल ताई. कार्यक्रम झाला की लगेच बघून घेऊ. आता उद्यावर आलंय सगळं. श्यामलीदीदी विमानात बसल्या असतील. लोकांना काय सांगू? तुम्हीच सांगा, काय सांगू?" सर वाईट माणूस नव्हते. लग्नघरात नवरदेवाच्या बापाला जे ऐकू येत नाही, तेच त्यांना ऐकू येत नव्हतं.

सकाळी माणसं लोटली. मुखेडची, नायगावची, देगलूरकडची, उदगीर-निलंग्याची. अंगणात चिखल होता, म्हणून सगळ्या खुर्च्या दालनात मांडलेल्या. मूर्ती अजून फाटकात टेम्पोवरच होती. सत्कार झाला की वाजतगाजत आत आणायची. बंगाली ढाकवाले मिळाले नाहीत, म्हणून मुखेडचे हलगीवाले बोलावले होते. ते दालनाच्या कोपऱ्यात हलग्या शेकत होते.

शिवकन्या जीव मुठीत धरून कमानीशी उभी होती. येणाऱ्याला हळूच म्हणायची, "तिकडं कडंला बसा ना, वारं चांगलं येतं." लोक हसून मधेच जाऊन बसत. पंखे मधे होते. एक म्हातारी मात्र आली, तिनं एकदा वर बघितलं आणि स्वतःची खुर्ची ओढत ओढत कमानीबाहेर अंगणाच्या कडेला नेली.

"आजी, कुठल्या तुमी?"

"निलंग्याकडची. कोंडाबाई. लेकीकडं आल्ते." म्हातारी पदर सावरत म्हणाली, "छताखाली बसवत न्हाई माय मला."

शिवकन्याला वाटलं, हिच्या गळ्यात पडावं. पण तेवढ्यात हलगी कडाडली.

श्यामलीदीदी आल्या, टाळ्या झाल्या. त्या मान वर करून पणजोबांच्या छताकडे बघत राहिल्या. त्यांचे डोळे भरून आलेले सगळ्यांना दिसले. हलगीच्या दणक्यानं मधल्या दोन कड्यांमधून काहीतरी खाली पडलं. भुकटी नव्हे, ओल्या मातीचं ढेकूळ. ते नेमकं मधल्या वाटेवर पडून फुटलं. शिवकन्याशिवाय ते बघितलं फक्त आणखी एका माणसानं. व्यासपीठावर फेटा बांधून बसलेल्या शेषेरावांनी.

दयानंद सर माईकवर बोलत होते. "...ज्यांनी या वास्तूवर पोटच्या पोरासारखी माया केली..." शाल घातली. नारळ दिला. लोक टाळ्या वाजवत होते. शिवकन्या त्या गर्दीतून मधे निघाली होती, काय करणार होती तिचं तिलाही माहीत नव्हतं; किंचाळणार होती बहुतेक. तेवढ्यात शेषेरावांनी माईक धरला. जन्मात माईक न धरलेला माणूस.

"छत गळलं न्हाई," ते म्हणाले, "कारन त्याच्यावर दर साली पांढरी माती टाकली. बापानं टाकली, म्या टाकली. जुनी कधी काढली न्हाई." ते थांबले. त्यांनी वर बोट दाखवलं. "आज वर कमरंइतकी माती हाय. भिजलेली हाय. माजी चूक झाली. उठा समदे. भाएर व्हा."

काय सांगू! शिवकन्याच्या किंकाळीनं जे झालं नसतं ते त्या दोन शब्दांनी झालं. पांढरी माती म्हटल्याबरोबर चाळिशीच्या पुढचं सगळं माणूस एकदम उभं राहिलं. कोणी ओरडलं नाही, कोणी का म्हणून विचारलं नाही. म्हाताऱ्यांनी नातवंडं काखेला मारली, बायकांनी शेजारणीच्या पोरांचे हात धरले. कॉलेजातली पोरं मोबाइल हातात घेऊन एकमेकांकडे बघत होती, त्यांना त्यांच्या आयांनी पाठीत धपाटे घालून उठवलं. श्यामलीदीदींना काहीच कळेना. शिवकन्यानं त्यांचा हात धरला, "दीदी, चलिए," म्हणाली आणि ओढतच अंगणात नेलं. दयानंद सर क्षणभर माईकजवळ तोंड उघडं टाकून उभे होते. मग त्यांनी वर बघितलं, आणि हलगीवाल्यांना आपल्या हातानं ढकलत बाहेर काढायला लागले.

दालन रिकामं झालं. चिखलात तीनशे माणूस उभं होतं. तेव्हा शिवकन्याला दिसलं, शेषेराव बाहेर आलेच नाहीत. व्यासपीठावरच्या खुर्चीत बसलेत, मांडीवर नारळ, अंगावर शाल.

"मामा!"

त्यांनी मान वर केली नाही. "मामा, या ना!" दोघा-तिघांनी हाका मारल्या. म्हातारा हलला नाही. कुठंतरी वर लाकूड कुरकुरलं, दाराची जुनी बिजागरी कुरकुरते तसं.

शिवकन्या आत गेली. तिच्या पायांनी नेलं तिला. मन तर बाहेरच थांबलं होतं. ती व्यासपीठावर चढली, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"तू जाय पोरी," शेषेराव म्हणाले. "तुला काय काम हाय इथं?"

"तुमी उठल्याबिगर म्या उठनार न्हाई."

"मी काय तोंड दाखवू त्यांना? त्या बंगाली लेकीला?"

"ते मला म्हाईत न्हाई. मला लई भ्याव वाटून राहिलंय मामा. उठा."

त्यांनी तिच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ थरथरत होते. म्हातारा उठला. स्वतःसाठी नसता उठला, तिच्यासाठी उठला. तिनं त्यांचा दंड धरला, त्यांनी तिचा, आणि दोघं मधल्या वाटेनं बाहेर आले. पायऱ्या उतरून अंगणात चार पावलं टाकली असतील नसतील, मागे काडकन आवाज झाला. मधल्या दोन कड्या एकदम वाकल्या आणि मधल्या कमानींवरचं सगळं छत, विटा, चुना, दोन पिढ्यांची माती, खुर्च्यांवर येऊन बसलं. धुळीचा लोट अंगणभर पसरला. बायकांनी पदर तोंडाला लावले. कडेच्या दोन कमानी उभ्याच होत्या.

मग पोरं मोजायची धांदल उडाली. सगळी होती. दयानंद सर पुन्हा पुन्हा मोजत होते आणि मधेच थांबून डोळे पुसत होते. श्यामलीदीदी ढिगाऱ्याकडे बघत उभ्या होत्या.

शेषेराव विहिरीच्या कट्ट्यावर बसले. त्यांच्याजवळ जायचं कोणाचं धाडस होईना. जाऊन म्हणायचं तरी काय? म्हातारा स्वतःच्या तळहातांकडे बघत होता. "म्याच टाकली," एवढंच पुटपुटत होता, "म्याच टाकली."

कोंडाबाई काठी टेकत टेकत आली आणि त्यांच्या शेजारी बसली.

"दादा, आमच्या घरावर बी आमच्या मालकानंच टाकली हुती," ती म्हणाली. "माझी दोन लेकरं तिच्याखाली गेली. लोक मला म्हनले, त्याच्यापायी गेली. म्या म्हनलं, लेकरं भिजू नयेत म्हनून टाकली त्यानं. आजून काय करायचं हुतं त्यानं?"

शेषेराव तोंड झाकून रडायला लागले.

शिवकन्या दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिला भिजलेला पाळणा दिसला, आणि शिडीवर पाटी खांद्यावर घेऊन चढणारा बाप दिसला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला, खाली वाकून आईला विचारणारा, की आता ठिबकतंय का गं? कट्ट्याचा आधार घेत ती खाली बसली आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा बापासाठी रडली.